सुट्टीतला कोर्स: व्यवस्थापन, मोडी, गणित की लोकप्रशासन? (सोलापूर)

प्रश्न: एसवायबीए_सोलापूर

परीक्षा संपल्यापासून पुढचं सत्र सुरू होईपर्यंत साधारण सहा आठवडे हातात आहेत. मी बी.ए. दुसरं वर्ष, राज्यशास्त्र. धाकटी बहीण बी.एस्सी. पहिलं वर्ष, गणित. समोर चार पर्याय आहेत: व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र कोर्स, मोडी लिपी, गणिताचा पाया पक्का करणारे वर्ग आणि लोकप्रशासन. यांचे क्रेडिट मिळतात का? दोन कोर्स एकदम झेपतील का? पुढं राज्यसेवा किंवा एमबीए, दोन्ही डोक्यात आहे.

उत्तर: क्रेडिट_हिशेब

फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. विद्यापीठाच्या रचनेत या कोर्सला विषय-कोड आहे का, आणि क्रेडिट एबीसी (क्रेडिट साठवणाऱ्या शैक्षणिक बँकेच्या) खात्यात जमा होणार का. सुट्टीतले ३० तासांचे बरेच कोर्स 'मूल्यवर्धित' प्रकारातले असतात. त्यांत शिकायला मिळतं, प्रमाणपत्रही मिळतं, पण गुणपत्रिकेत ओळ वाढत नाही. असा कोर्स करण्यात गैर काही नाही, फक्त क्रेडिट समजून फी भरू नका.

यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचं धरलंय. त्यात राहिलेले किंवा जादा विषय जलद गतीनं घेता येतात, इंटर्नशिप करता येते. पण शिक्षक आणि पुरेसे विद्यार्थी असतील तरच कॉलेज विषय लावतं, त्यामुळं चौकशी परीक्षेच्या आधीच करा. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्यांना मात्र याच काळात ४ क्रेडिटचं कामाधारित प्रशिक्षण पुरं करावं लागतं.

दोन कोर्स झेपतील का, ते आकडेच सांगतात. १ क्रेडिट म्हणजे वर्गात १५ तास, घरचा अभ्यास धरून ३०. म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. आठवड्याला सहा दिवस धरले तर सहा आठवड्यांत ३६ दिवस, म्हणजे रोज ३ तास २० मिनिटं. दोन कोर्स घेतले की रोज ६ तास ४० मिनिटं, आणि तेही पारा चाळिशीच्या वर असताना. दुपारी बारा ते चार वाचन होत नाही हे धरूनच चला. सकाळी साडेसातची बॅच मिळत असेल तर तीच घ्या. क्रेडिट मिळणारा एकच कोर्स आणि जोडीला एखादं छोटं कौशल्य, यापलीकडं जाऊ नका.

अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि एबीसी खातं डिजिलॉकरवर आत्ताच उघडून बघा. घोटाळा बहुतेक वेळा नावात होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, किंवा एकीकडं आईचं नाव जोडलेलं. ही दुरुस्ती निकालानंतर काढली तर वेळ जातो.

उत्तर: ग्रामसभा_ते_मनपा

राज्यसेवेचा विचार असेल तर लोकप्रशासन घ्या. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषयाचे प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर आहेत. पण विचारवंत आणि त्यांचे सिद्धांत पाठ करून भागत नाही. शेजारी चालणारं प्रशासन बघितलेलं असेल तरच उत्तरात उदाहरण येतं.

त्यासाठी उन्हाळा सोयीचा आहे. १ मे हा राज्यात ग्रामसभेचा ठरलेला दिवस. उत्तर सोलापूर किंवा मोहोळ तालुक्यातलं, ओळखीचं गाव गाठा. अजेंडा आधी मिळवा आणि चार गोष्टी टिपा: हजेरी किती, महिलांची ग्रामसभा आधी झाली का, मागच्या इतिवृत्तावर चर्चा झाली का, लाभार्थी यादी वाचली का. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. नेमकी ही तरतूद पुस्तक वाचताना नजरेतून सुटते. खरे निर्णय कुठल्या सभेत होतात ते तिच्यामुळंच कळतं.

शहरात राहून करायचं असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ घ्या. महापालिकेची एकच अधिसूचित सेवा निवडा. तिची मुदत किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी कोण, पहिलं आणि दुसरं अपील कुणाकडं, हे फलकावरून उतरवा आणि अर्ज कुठल्या टेबलावरून कुठं जातो त्याचा तक्ता करा. माहिती अधिकारात अर्ज केलात तर एका अर्जात एकच विषय ठेवा आणि १५० शब्दांच्या आत लिहा. 'का' विचारू नका, कागदाची प्रत मागा. 'विलंब का झाला?' याला उत्तर मिळत नाही, 'अमुक अर्जावरील टिपणीची प्रत' मिळते. उत्तराला ३० दिवस धरून मेच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका, नाहीतर सुट्टी संपेल.

उत्तर: बोरू_आणि_बाळबोध

कला शाखेच्या मुलानं मोडीकडं पाठ फिरवू नये. जुन्या जमिनीच्या आणि देवस्थानांच्या कागदांसाठी वाचणारे आजही लागतात. रोज एक तास दिला तर सहा आठवड्यांत छापील मोडी सरळ वाचता येतं, हस्तलिखिताची नुसती सुरुवात होते. त्याहून मोठं आश्वासन देणाऱ्या वर्गावर विश्वास ठेवू नका.

पहिले दहा दिवस अक्षरं गिरवा. आधी आडवी रेघ पूर्ण ओढायची आणि अक्षरं तिला लटकवायची. आपण देवनागरीत उलटं करतो, म्हणून हात अडतो. मग पेशवेकालीन नमुने घ्या, आंग्लकालीन शेवटी. ते उशिराचे असूनही जास्त गिचमिड असतात. शब्दांत अंतर नसतं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळं एकेक अक्षर लावत बसलात की अडकाल. मायना, तारीख, 'सुरू सन' (म्हणजे सुहूर सन) असे ठरलेले तुकडे आधी ओळखायला शिका.

तारखेत सगळ्यात जास्त चुका होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारी ते चैत्राआधी ७९. सुहूर सन (जुन्या कागदांतली एक कालगणना) मृगाला बदलतो, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि पुढं ६००. फसलीत (महसुली वर्षात) ५९०, जानेवारीपासून ५९१. एका वर्षाची चूक वारसाच्या कागदात महाग पडते.

एसवायबीए_सोलापूर

आभार. 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून मे महिन्यातच क्रेडिट मिळवता येतील का? आणि बहिणीला गणितात काय करायला सांगू?

उत्तर: क्रेडिट_हिशेब

मेमध्ये नाही. त्यांची सत्रं जानेवारी आणि जुलैची. पण स्वयमवरच्या एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सची) जुनी व्याख्यानं मोफत आहेत. मेमध्ये अर्धी बघून ठेवा आणि जुलैत नोंदणी करा. १२ आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट, परीक्षा शुल्क १,००० रुपये. गृहपाठाला २५, केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. पास व्हायला गृहपाठात १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. कॉलेजची लेखी संमती नोंदणीच्या आधी घ्या.

उत्तर: एप्सिलॉन_आधी

बहिणीनं पुढच्या सत्राची पुस्तकं घाईनं उरकू नयेत. वास्तव विश्लेषणातली (रिअल अ‍ॅनालिसिस) क्रमिकेची सीमा (लिमिट) नीट झाली तरी सुट्टी सार्थकी लागली. मुलं अडतात ती क्रमात: एप्सिलॉन (सीमेच्या किती जवळ जायचं तो आकडा) समोरचा देतो, एन (कितव्या पदापुढं तेवढं जवळ जातो तो आकडा) आपण त्यानंतर शोधायचा. (२न+१)/(न+३) ची सीमा २ दाखवायची तर फरक ५/(न+३) येतो. एप्सिलॉन ०.०१ असेल तर न हा ४९७ पेक्षा मोठा हवा. एप्सिलॉन ०.००१ केला की ४,९९७. हे चार-पाच क्रमिकांवर हातानं केलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही. सिद्धता वाचून पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायची. जिथं पेन थांबतो तिथंच समजलेलं नाही.

पुढच्या वर्षासाठी एमटीटीएस हे गणिताचं प्रशिक्षण शिबिर लक्षात ठेवा. १९९३ पासून चालतं, उन्हाळ्यात, चार आठवड्यांचं. अर्ज खूप आधी निघतात, मेमध्ये शोधून उपयोग नाही.

उत्तर: ताळेबंद

व्यवस्थापनाबद्दल थोडक्यात. एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि उणे गुण नाहीत. त्यासाठी कोर्स नको, घड्याळ लावून सराव हवा. कोर्स घ्यायचाच तर परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग) आणि स्प्रेडशीट शिकवणारा घ्या, निव्वळ 'व्यक्तिमत्त्व विकास' नको.

चांगल्या वर्गात असं गणित होतं: टॉवेलची विक्री १२० रुपये, सूत-रंगाई-मजुरी मिळून चल खर्च ९०, महिन्याचा स्थिर खर्च १,८०,०००. नगामागं ३० उरतात, म्हणून ६,००० नगांवर ना नफा ना तोटा. आता सूत महागून खर्च ९६ झाला तर उरतात २४ आणि लागतात ७,५०० नग. खर्च ७ टक्क्यांहून कमी वाढला, पण विक्री २५ टक्के वाढवावी लागली. वीजबिल अख्खं स्थिर खर्चात टाकणं ही नेहमीची चूक. त्यातला मागणी आकार स्थिर, युनिटचा आकार मागाच्या तासांबरोबर वाढणारा. स्प्रेडशीटमध्ये या दोन वेगळ्या ओळी ठेवा.