२८ वर ऐकलेला आवाज त्या हरवलेल्या वटवाघळाचा असेल का?

मृदुला_इन्व्हरकार्गिल
गेल्या शनिवारी इथे न्यूझीलंडमध्ये टे आनाऊ गावाच्या पुढे एग्लिंटन खोऱ्यात मुक्कामाला गेलो होतो. शेजाऱ्यांनी बॅट डिटेक्टर, म्हणजे वटवाघळांचे माणसाला न ऐकू येणारे आवाज ऐकवणारं यंत्र, दिला होता. अंधार पडल्यावर लेकीने चकती ४० किलोहर्ट्झवर नेली आणि यंत्र टकटकायला लागलं. २८ वर नेली तर वेगळाच, मऊ आवाज! ४० वर लांब शेपटीचं, २८ वर आखूड शेपटीचं, एवढं शेजाऱ्यांनी शिकवलं होतं. घरी आल्यावर तिला कळलं, की आखूड शेपटीची आणखी एक, मोठी जात होती आणि ती १९६७ नंतर कोणालाच दिसलेली नाही. आता विचारते, "आपण ऐकलं ते तिचंच नसेल कशावरून?" काय सांगू?

वैनतेय
ते लहान आखूड शेपटीचं. एग्लिंटनमध्ये त्यांची वस्ती असल्याचं १९९७ मध्ये समजलं. तेही दुर्मीळच आहे, लेकीचं नशीब थोर.

सुहास_ड्युनेडिन
मृदुला, मी दर पंधरवड्याला इथल्या रानात उंदरांचे सापळे तपासायला जातो, त्यामुळे ही गोष्ट मला उंदरांपासूनच सांगता येते.

या देशाचे मूळचे, जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, माओरीत पेकापेका. त्यांतली आखूड शेपटीवाली पंख घडी करून पालापाचोळ्यात चक्क चालत किडे शोधतात. मोठी जातही पूर्वी दोन्ही मुख्य बेटांवर होती, तिथे तिची हाडं सापडतात. माणसांबरोबर उंदीर आले आणि ती मागे हटत शेवटी स्ट्युअर्ट बेटाजवळच्या तौकिहेपा आणि आसपासच्या बेटांवर उरली.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बोटींतून जहाजी उंदीर तौकिहेपावर उतरले. हा उंदीर झाडावर सरसर चढतो. उंदरांमुळे अख्खी जात संपेल, हे तेव्हा पुष्कळ जाणकारांना पटत नव्हतं. १९६४ मध्ये वन्यजीव खात्याच्या लोकांनी ३६ सॅडलबॅक पक्षी दुसऱ्या बेटांवर हलवले, आज दिसणारे दक्षिणेकडचे सगळे सॅडलबॅक त्यांचेच वंशज. बुश रेन आणि तिथला स्नाइप हे पक्षी मात्र वाचले नाहीत. वटवाघूळ शेवटचं १९६७ मध्ये दिसलं.

मला सगळ्यात लागतं ते पुढचं. या वटवाघळाला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली १९८५ मध्ये. म्हणजे ते दिसेनासं झालं तेव्हा आपण काय गमावतोय, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. कागदोपत्री आजही 'अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष' असंच लिहितात. त्या 'कदाचित'वर माझी फारशी भिस्त नाही, पण तो शब्द खोडावासाही वाटत नाही.

मृदुला_इन्व्हरकार्गिल
सुहासकाका, तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आता तौकिहेपावर उंदीर आहेत का?

सुहास_ड्युनेडिन
नाहीत. २००६ मध्ये मोहीम काढून संपवले. पण एग्लिंटनच्या रानात आहेत, आणि ती लहान पेकापेका तिथेच झाडांच्या ढोलीत पिल्लं वाढवतात. बीच नावाच्या झाडांना भरपूर बी धरलं की त्या वर्षी उंदीर बेसुमार वाढतात आणि त्यांच्या मागे स्टोट, म्हणजे मुंगसासारखे दिसणारे छोटे शिकारी प्राणी, येतात. तेव्हा खरी धास्ती.

मृदुला_इन्व्हरकार्गिल
ती विचारतेय, सापळे तपासायला दहा वर्षांची मुलगी चालते का?

सुहास_ड्युनेडिन
चालते की. येत्या रविवारी आठ वाजता निघू. सापळ्यात आमिष म्हणून लावायचं पीनट बटर माझ्याकडे आहे, तिचे गमबूट तेवढे आठवणीने आणा.