प्रतिसाद : 'इरेज अँड सिंक' दाबू नका

नव्या लॅपटॉपला जुना आयपॉड जोडल्यावर 'इरेज अँड सिंक' (म्हणजे आयपॉडवरचं पुसून नव्या लायब्ररीशी जुळवू का) विचारतोय म्हणालात ना? आधी रद्द करा. आयपॉड एका वेळी एकाच आयट्यून्स लायब्ररीशी (कॉम्प्युटरवरच्या ॲपलच्या आयट्यून्स सॉफ्टवेअरमधल्या गाण्यांच्या संग्रहाशी) बांधलेला असतो. नवी लायब्ररी रिकामी, म्हणजे सिंक झाल्यावर आयपॉडही रिकामा!

तुमचा आयपॉड क्लासिक किंवा नॅनो मॉडेलचा असेल तर गाणी 'आयपॉड कंट्रोल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये सापडतील. विंडोजमध्ये हिडन फाइल्स दिसतील असं करा आणि आतला 'म्युझिक' फोल्डर अख्खा कॉपी करून घ्या. फाइलींची नावं चार अक्षरी, अगम्य दिसतील, पण घाबरू नका. खरं नाव फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत) असतं, आयट्यून्स ते वाचतं. (कॅसेटवरून उतरवलेल्या नाट्यगीतांना मी टॅगच दिले नव्हते, एकेक ऐकून नावं देण्यात दोन रविवार गेले.) आयपॉड टचला मात्र ही युक्ती चालत नाही.