मदत हवी आहे: पबमेडवर विंचूदंशाचे संदर्भ शोधताना भलतेच लेख येतात

वेल्हाळ:
प्रबंधाचा विषय कोकणातला विंचूदंश आणि त्यावरचं औषध प्राझोसिन. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसूचीत (अर्थात रोमन लिपीत) 'प्राझोसिन अँड स्कॉर्पियन ऑर स्टिंग*' टाकलं, तर हजारो लेख आले, बरेचसे कर्करोग आणि इंटरफेरॉनवरचे. 'ह्यूमन्स' फिल्टर लावला की अगदी नवे लेख गायब होतात. कुठे चुकतंय?

दूर्वांकुर:
पबमेड अँड-ऑर डावीकडून उजवीकडे सोडवतं. कंस नसल्याने 'प्राझोसिन अँड स्कॉर्पियन' ही जोडी आधी जुळते आणि 'स्टिंग*' मोकळा सुटतो. 'स्टिंग' नावाचं एक प्रथिनही आहे, त्यावरचं प्रतिकारशक्तीचं सगळं संशोधन त्यातून आत शिरतं. ऑरचा गट कंसातच हवा:

("स्कॉर्पियन स्टिंग्ज"[मेश] ऑर "स्कॉर्पियन स्टिंग"[टीआयएबी:~३] ऑर "स्कॉर्पियन एनव्हेनोमेशन"[टीआयएबी:~३]) अँड प्राझोसिन

मेश म्हणजे लेखांना विषयानुसार लावलेली ठरावीक शीर्षकं, टीआयएबी म्हणजे लेखाचं शीर्षक आणि सारांश. ~३ म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये जास्तीत जास्त ३ शब्द, क्रम कुठलाही. इथे तारका (*, म्हणजे शब्दाचा शेवट काहीही चालेल) चालत नाही, म्हणून 'स्टिंग्ज' असं अनेकवचन वेगळं लिहा. नुसत्या मेशवर विसंबू नका: काही नव्या नोंदींना मेश शीर्षकं लागलेली नसतात. ह्यूमन्स फिल्टरही मेशवरच चालतो, म्हणून ते लेख गळतात. त्याऐवजी शेवटी जोडा: नॉट (अ‍ॅनिमल्स[एमएच] नॉट ह्यूमन्स[एमएच]). एमएच म्हणजेही मेशच.

कातळ:
आपल्याकडच्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव बदलत गेलंय. ब्यूथस, मेसोब्यूथस आणि हॉटेन्टोटा टॅम्युलस ही तिन्ही नावं ऑरने जोडा, नाहीतर जुने लेख निसटतील. आणि 'इंडिया*' टाळा, त्यात अमेरिकेतलं इंडियानाही येतं. इंडिया, इंडियन, महाराष्ट्र, कोकण असे सुटे शब्द द्या.

वेल्हाळ:
धन्यवाद! हेच ओव्हिड या दुसऱ्या शोधप्रणालीवर चिकटवलं तर चालेल?

दूर्वांकुर:
नाही, तिथली चिन्हं वेगळी. शिवाय ओव्हिडचं 'एडीजे३' मध्ये फक्त २ शब्द सोडतं, म्हणून पबमेडच्या ~३ साठी 'एडीजे४' लिहा.

शोध तपासायला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातला २०११चा लेख घ्या: नुसतं प्राझोसिन आणि प्रतिविषासह प्राझोसिन यांची तुलना. तो यादीत नसेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर त्या शोधाचे 'डिटेल्स' उघडा, पबमेडने तुमच्या शब्दांचं काय केलं ते तिथे दिसतं. मग त्या लेखाच्या नोंदीखालची मेश शीर्षकं बघून राहिलेले शब्द ऑरच्या गटात घाला.