किनाऱ्याच्या पाण्याची तपासणी: सरकार आणि विद्यापीठे एकत्र हवीत का?

जांबोटीकर: केंद्र सरकारच्या ‘कोमॅप्स’ कार्यक्रमाखाली १९९०-९१ पासून देशाच्या किनारी पाण्याची तपासणी होत आली असून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्था तिच्यात सहभागी राहिल्या आहेत. माझे म्हणणे असे, की ही भागीदारी घाटाखालीच न थांबता बेळगाव-खानापूरच्या महाविद्यालयांपर्यंत यावी. खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. खाडीतल्या पाण्याचा दोष कुणाचा हे ठरवायचे, तर उगमाकडचे पाणी कसे होते याची नोंद आधी हवी.

वडगावकर: हे मला पटत नाही. म्हादईसाठी तीन राज्ये लवादापुढे गेली, २०१८ मध्ये निवाडा झाला, तरीही वळवण्याजोगे पाणी नदीत आहे की नाही यावर कर्नाटक आणि गोवा यांचे एकमत नाही. जिथे पाणी किती हेच राज्य पाहून ठरते, तिथे ते किती स्वच्छ हे सरकारी अनुदानावरचे प्राध्यापक निर्भीडपणे सांगतील, ही अपेक्षा भाबडी आहे. शिवाय उगमाकडे बहुतेक भीमगडचे जंगल; खाणींची माती आणि शहरांचे सांडपाणी मिसळते ते खाली. आमच्या मुलांनी बाटल्या भरत कशाला फिरायचे?

जांबोटीकर: जंगल आहे म्हणूनच तर तिथली नोंद तुलनेसाठी मोलाची आहे.

रसायनशिक्षिका: या वादात प्रत्यक्ष काम बाजूला पडते आहे. विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर नमुना काढताक्षणी बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालावे लागते. तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. नमुना तसाच चोर्ला घाट चढवून बेळगावच्या प्रयोगशाळेत आणला, तर आकडा वाटेतच बदलतो. काठावरचे हे काम पदवीच्या मुलांना नक्की जमेल; अवघड आहे तो अर्थ लावणे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतर खालच्या थरातले कमी प्राणवायूचे पाणी निसर्गतःच वर सरकते, त्यामुळे सप्टेंबरमधला एखादा कमी आकडा पाहून लगेच प्रदूषण म्हणता येत नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातील कांदोळीसमोर १९९७ पासून एकाच ठिकाणी मोजणी करत आली आहे, ती याचसाठी. इतकी लांब नोंदमाला दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पातून उभी राहत नाही. तिला सरकारचाच पैसा लागतो, वडगावकरांना तो कितीही खुपला तरी.

वडगावकर: पैसा खुपत नाही, बाई, खुपते ते अहवाल दाबून ठेवणे. कच्चे आकडे ठरलेल्या मुदतीत, कोणत्याही खात्याची परवानगी न घेता जाहीर करण्याचा हक्क विद्यापीठाला राहील, असे कलम करारात आधी घाला. ते नसेल, तर कुंपणानेच शेत खाल्ल्याची तक्रार नंतर कोणाकडे करायची?

जांबोटीकर: कलम मान्य आहे. मात्र ते गोव्याच्या विद्यापीठांनाही लागू हवे, नाहीतर खानापूरचे आकडे तेवढे उघड्यावर आणि खाडीचे कपाटात, असे व्हायचे.