प्रति: गोड दिसलं की निग्रह कुठे जातो?
गोडाकडे हात जातो तो निव्वळ निग्रह कमी पडतो म्हणून, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. निग्रह लागतोच, पण मेंदूत चव आणि आरोग्य या दोन गोष्टी एकाच वेळी तराजूत पडत नाहीत. अमेरिकेतल्या कॅलटेक (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या विद्यार्थ्यांना स्क्रीनवर दोन-दोन पदार्थ दाखवायचे आणि हवा त्यावर माउस न्यायला सांगायचं. माउसची वाट कधी आणि कुठे वळते यावरून दिसलं की चवीचा प्रभाव आरोग्याच्या विचाराच्या सरासरी जवळपास २०० मिलिसेकंद आधी सुरू होतो. काहींच्या बाबतीत तर आरोग्याचा विचार निवडीपर्यंत पोचलाच नाही. ज्यांच्यात हे अंतर कमी होतं, त्यांचा स्वतःवरचा ताबा जास्त होता. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो.

त्याच संस्थेतल्या २०११ च्या अभ्यासात निवडण्याआधी नुसतं 'हे तब्येतीला कसं आहे ते बघा' असं सुचवलं, तरी निवडी सुधारल्या होत्या. म्हणून मधुमेह असलेल्या घरच्या माणसाला 'तुम्हाला ताबाच नाही' असं टोचून बोलणं मला फार चुकीचं वाटतं. बाबांच्या बाबतीत आम्ही असं टोचून बोलणं थांबवलं आणि लग्नकार्याला निघण्याआधी घरीच विचारायला लागलो, 'आज पानात गोड काय घ्यायचं?' ते स्वतःच एक पदार्थ ठरवतात, आणि बहुतेक वेळा तेवढाच खातात.