‘एका स्त्रीचा पती’ : ‘एका’ म्हणजे नेमके काय?

शंका : कोल्हापुरातील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे पुढारी, निवडायचे असल्यामुळे पाळकसाहेबांनी बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचून दाखवला. त्यात अध्यक्ष, म्हणजे असा पुढारी, ‘एका स्त्रीचा पती’ असावा असे म्हटले आहे. ज्यांचे नाव सुचवले गेले, ते गृहस्थ बिजवर आहेत. पहिली पत्नी वारल्यानंतर त्यांनी दुसरे लग्न केले. काहींच्या मते ते दोन स्त्रियांचे पती ठरतात, तर काहींच्या मते हे वचन घरात दोन सवती नांदवणाऱ्यालाच अडवते. ते पात्र आहेत की नाहीत, हे मंडळी ठरवील. मला विचारायचे आहे ते ‘एका’ या शब्दाविषयी.

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन शब्दांची गुंतागुंत आहे. मराठीतील ‘एक’ हा शब्द संख्याही सांगतो आणि ‘कोणी तरी’ हा अर्थही देतो. ‘एका गावात एक पाटील होता’ या वाक्यात आपण गावे मोजत नाही. मूळ ग्रीक शब्दरचना ‘मियास गुनायकोस आन्द्रा’ अशी असून तिथे ‘एका’ हा शब्द आरंभीच येतो आणि तो निःसंशय संख्यावाचक आहे. म्हणून वाचताना मराठीतही आघात ‘एका’वरच द्यावा.

दुसरा शब्द ‘स्त्री’. ग्रीक ‘गुने’ म्हणजे स्त्री आणि पत्नीही; ‘आनेर’ म्हणजे पुरुष आणि पतीही. आपल्याला यात नवल वाटू नये, कारण ‘देवळात बायका जमल्या’ आणि ‘त्याला दोन बायका आहेत’ या दोन्ही वाक्यांत शब्द एकच आहे आणि अर्थ संदर्भावरून कळतो.

आता ‘एकाच वेळी’ की ‘जन्मात एकदाच’? केवळ व्याकरणावरून याचा निकाल लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने ‘एकदाच’ हा अर्थ कडकपणे लावला, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत दीक्षेनंतर पाळकाला सहसा लग्न करता येत नाही, तो विधुर झाला तरी. उलट चौथ्या शतकातील धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम म्हणतो की या वचनाने लग्नाची सक्ती केलेली नाही, एकीहून अधिक बायका करण्यास मनाई केली आहे. यहुदी समाजात अनेक बायका करण्याची मुभा होती आणि हेरोद राजाने तर ती पुरेपूर वापरली, त्यामुळे ख्रिसोस्तोमचे म्हणणे निराधार नाही.

तरीही मला निर्णायक वाटतो तो त्याच पत्राचा पाचवा अध्याय. मंडळीच्या यादीत घ्यायची विधवा साठ वर्षांखालील नसावी आणि ती एका पुरुषाची पत्नी राहिलेली असावी, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे तोच वाक्प्रयोग उलटा करून वापरला आहे. त्या काळी तिथे एका बाईला एकाच वेळी अनेक नवरे असण्याची चाल नव्हती, तेव्हा हा वाक्प्रयोग निव्वळ बहुपत्नीकत्वाच्या निषेधापुरता असू शकत नाही. ‘एकदाच लग्न’ हा अर्थ घ्यावा, तर त्याच अध्यायात तरुण विधवांनी लग्न करावे असा सल्ला आहे; म्हणजे सल्ला मानून पुन्हा लग्न केलेली बाई म्हातारपणी यादीतून वगळली जाईल. म्हणून ‘आपल्या जोडीदाराशी एकनिष्ठ’ हा अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो. बहुपत्नीकत्व त्यात आपोआप बाद होते.

प्रतिशंका : मग सरळ ‘एकपत्नीव्रती’ का म्हणू नये?

उत्तर : अर्थाच्या दृष्टीने हा शब्द जवळचा आहे, आणि ‘एकवचनी, एकबाणी, एकपत्नी’ हे आपल्याकडे मुलांनाही पाठ असते. परंतु त्या शब्दाबरोबर रामकथा येते आणि ‘व्रत’ही येते, पत्रात व्रताचा उल्लेख नाही, नेमस्त, अतिथिप्रिय अशा साध्या गुणांची ती यादी आहे. शिवाय ‘एकपत्नीव्रती’ म्हटले की पुनर्विवाहाला वाव नाही असे ऐकणाऱ्याला वाटते, म्हणजे जो प्रश्न मुळात खुला आहे तो भाषांतरानेच बंद केल्यासारखे होते. त्याच कारणासाठी ‘एकाच स्त्रीचा’ असा ‘च’ जोडणेही मला पटत नाही.

वचनाचा सरळ अर्थही आपल्या देशात प्रत्यक्ष उपयोगात आला आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हा ऐपतदार घरांत दोन-तीन बायका असणे रूढ होते (‘दोन बायका, फजिती ऐका’ ही म्हण काही हवेतून आली नाही). त्याआधीच, १८३० च्या दशकात, कलकत्त्यातील मिशनऱ्यांच्या परिषदेने असे ठरवले होते की ख्रिस्ती होण्यापूर्वी ज्याने अनेक लग्ने केली असतील, त्याला त्या सगळ्या बायका ठेवण्याची मुभा असावी, मात्र त्याला मंडळीत कोणतेही पद मिळू नये. म्हणजे सभासदत्व आणि पद यांत त्यांनी भेद केला, आणि तो याच वाक्प्रयोगाच्या आधारावर.

राहिला आपला ‘बिजवर’. या शब्दाचा अर्थ दुसऱ्यांदा झालेला वर इतकाच आहे. अशा घरात मुलगी ‘दुसरेपणावर दिली’ असे म्हणतात, ‘सवतीवर दिली’ असे म्हणत नाहीत. आणि पत्नी वारलेल्या माणसाला ‘दोन बायका आहेत’ असे आपल्या भागात कोणीही म्हणणार नाही, ‘दोन लग्ने झाली’ असेच म्हणेल.