दुसरा गिअरबॉक्स आणायच्या आधी हे बघ

भाऊ, कुर्ल्याहून आणलेला सेकंडहँड ऑटो गिअरबॉक्स थंड असताना मस्त चालतो आणि ट्रॅफिकमध्ये गरम झाला की डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायच्या गिअर) मध्ये टाकल्यावर व्हॅन दोन-तीन सेकंद उचलतच नाही, रिव्हर्स मात्र ओके, आणि मेकॅनिक म्हणतोय दुसरा बॉक्स टाकू, असंच ना? प्लीज थांब जरा.

आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघ (इंजिनचं नाही), पण सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून पी (पार्क) मध्ये आणून मग गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढ, बहुतेक जुन्या जपानी गाड्यांना असंच चेक करतात. टिश्यूवर थेंब टाक, लालसर असेल तर आशा आहे, काळपट आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा गेल्यात.

लेव्हल बरोबर असेल तर गिअरबॉक्समधलं ऑइल प्रेशर मोजायला मेकॅनिकला गेज लावायला सांग. गरम ऑइल पातळ होतं आणि कडक पडलेल्या सीलमधून प्रेशर गळतं, रिव्हर्सचे क्लच वेगळे आणि प्रेशरही जास्त, म्हणून तो चालतो. किकडाउन केबल (अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते गिअरबॉक्सला कळवणारी) असेल तर तिचं अ‍ॅडजस्टमेंटही बघायला लाव, बॉक्स बदलताना ते हमखास राहून जातं.

आणि बॉक्स बदलताना ऑइल कूलर (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा) फ्लश, म्हणजे आतून धुऊन साफ, केला होता का ते नक्की विचार!! जुन्या बॉक्सचा कचरा त्यात अडकलेला असतो, तसाच ठेवला तर पुढचा बॉक्सपण जाईल.

चेकिंग वॉरंटी (सेकंडहँड पार्ट लावून तपासायला दुकानदार देतो ती मुदत) चालू असेल तर त्याला विचारल्याशिवाय गिअरबॉक्सखालचा ऑइल पॅन खोलू नकोस.